वाटीभर साखर हवी होती

पत्र: मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये कागदपत्रांचं काम बघते. शिक्षण मराठी माध्यमात झालं. गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या ग्राहकाकडून पनेटवरच्या (द्राक्षांच्या छोट्या डब्यावरच्या) लेबलचं डिझाइन यायला उशीर होत होता. मी मेल टाकला: ‘डिअर सर, यू मस्ट सेंड द फायनल लेबल टुडे. यू हॅड बेटर कन्फर्म द पॅलेट हाइट ऑल्सो. काइंडली डू द नीडफुल इमिजिएटली. प्लीज.’ लेबल तासाभरात आलं, पण मला नाही, थेट आमच्या साहेबांना. खाली एक ओळ होती, ‘तुमच्याकडे मेल कोण लिहितं?’ साहेब मला म्हणाले, ‘जरा नीट लिहीत जा.’ मी तर ‘काइंडली’ही घातलं होतं आणि ‘प्लीज’ही. मग चुकलं कुठे? दुसरं असं, की ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ असं शाळेत शिकले. मग आजचं काम सांगताना ‘कुड यू’ का म्हणतात? ‘वुड’चंही तेच. कृपया समजावून सांगावे.
— एक वाचक, दिंडोरी

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते. ‘कृपया समजावून सांगावे.’ तुम्ही ‘सांगा’ लिहिलं नाहीत, ‘सांग’ तर नाहीच नाही. ‘सांगावे’ लिहिलंत. तेवढ्या एका ‘-आवे’नं आज्ञेची विनंती झाली आणि माझा मानही राहिला. हे तुम्हाला कुणी फळ्यावर लिहून शिकवलेलं नाही. लहानपणापासून कानांवर पडलं, अर्जाअर्जांतून डोळ्यांखालून गेलं आणि हातात बसलं. म्हणजे विनंती करणं तुम्हाला येतं. मराठीत मान जिथे ठेवतात तिथे इंग्रजीत ठेवत नाहीत, एवढीच अडचण आहे. इंग्रजीतली ती जागा तुम्हाला कुणी दाखवली नाही.

एकच काम आपण किती तऱ्हांनी सांगतो बघा. धाकट्या भावाला ‘डबा दे’, मैत्रिणीला ‘डबा देतेस का जरा’, सासऱ्यांना ‘डबा देता का’, समोरच्या काकांना ‘डबा द्याल का’. सगळा फरक क्रियापदाच्या शेपटीत, आणि मदतीला ‘जरा’, ‘ना’, ‘हं’ ही चिल्लर. ‘कृपया’ आपण तोंडानं जवळजवळ उच्चारतच नाही. तो पाट्यांवर राहतो, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’. जेवताना आईला ‘कृपया वरण वाढ’ म्हणून बघा, ती आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल.

इंग्रजी क्रियापदाला ही शेपटी नाही. ‘सेंड’ म्हणजे पाठव, पाठवा आणि पाठवावे, तिन्ही एकच. ‘यू’ म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. पूर्वी असं नव्हतं. इंग्रजांकडेही आपल्या ‘तू’सारखं ‘दाऊ’ होतं आणि मानाचं ‘यू’ वेगळं होतं. १६०३ साली सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजूचा वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ यातलं पहिलं ‘दाऊ’ चक्क क्रियापद आहे. हे वाक्य मराठीत आणायला क्षणभरही विचार करावा लागत नाही: ‘तुला अरे-तुरेच करणार मी, राजद्रोह्या!’ पुढे रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ गेलं. प्रार्थनेत आणि यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलींत तेवढं उरलं. बाकी सगळ्यांना ‘यू’, दूधवाल्यालाही आणि राजालाही.

मग आजच्या इंग्रजीत मान ठेवायचा कुठे? मुख्य क्रियापदाच्या पुढ्यात उभ्या असलेल्या छोट्या शब्दांत. कॅन, कुड, विल, वुड, मे, माइट, शॅल, शुड, मस्ट. शाळेत यांना मोडल ऑक्झिलरी म्हणायचे आणि पाच मार्कांच्या रिकाम्या जागा भरून विषय संपायचा. त्यांचं व्याकरण फार अवघड नाही. यांना ‘एस’ लागत नाही, म्हणजे ‘ही कॅन्स’ होत नाही. यांच्यामागे ‘टू’ येत नाही, म्हणजे ‘कॅन यू टू सेंड’ होत नाही. आणि ‘आय कुड एबल टू’ हे आपल्याकडचं खास वाक्य तर आजपासून सोडाच. काल मेल गेला असेल तर ‘आय वॉज एबल टू सेंड इट’, किंवा सरळ ‘आय सेंट इट’.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरं तर तो पहिला असायला हवा होता, कारण सगळी किल्ली त्यातच आहे. ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ, ‘वुड’ हा ‘विल’चा, ‘माइट’ हा ‘मे’चा. तुमच्या बाईंनी चूक शिकवलं नाही, अर्धं शिकवलं. उरलेलं अर्धं तुमच्या घराच्या दारात आहे. शेजारची मुलगी वाटी घेऊन येते आणि म्हणते, ‘काकू, वाटीभर साखर हवी होती.’ होती? अहो, तिला साखर आत्ता हवी आहे, चहाचं आधण गॅसवर ठेवून आली आहे ती! तरी ‘हवी आहे’ म्हणत नाही. ‘हवी आहे’ म्हटलं की मागणी घरात येऊन खुर्चीवर बसते. ‘हवी होती’ म्हटलं की ती उंबऱ्याबाहेर थांबते. तुम्हाला ‘अगं, माझीही आजच संपली’ म्हणायला जागा राहते आणि तिला ‘असू दे हं’ म्हणून परत फिरायला. ‘साहेब, जरा बोलायचं होतं.’ ‘एक काम होतं तुमच्याकडे.’ ‘मी काय म्हणत होते...’ दिवसभर आपण हेच करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

इंग्रजी नेमकं हेच करतं. ‘कॅन यू सेंड द लेबल’ म्हणजे साखर हवी आहे. ‘कुड यू सेंड द लेबल’ म्हणजे साखर हवी होती. ‘आय वॉन्ट टू आस्क’ म्हणणारा समोर येऊन उभा राहतो, ‘आय वॉन्टेड टू आस्क’ म्हणणारा दारावर टकटक करतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...’ म्हणणारा तर फाटकापाशीच घुटमळतो. या भूतकाळाचं घड्याळाशी काही देणंघेणं नाही, तो फक्त अंतर ठेवतो. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जितकी मोकळी जागा, तितकी विनंती नम्र.

(जाता जाता: ‘कुड’च्या स्पेलिंगमधला ‘एल’ उपरा आहे. ‘वुड’मध्ये तो ‘विल’मुळे आला, ‘शुड’मध्ये ‘शॅल’मुळे. ‘कॅन’मध्ये मुळात ‘एल’ नाहीच. पण दोघांकडे आहे म्हणून लोकांनी तिसऱ्यालाही चिकटवला. उच्चार तिघांतही नाही. तेव्हा मीटिंगमध्ये कुणी ‘कुल्ड’ म्हणालं तर हसू नका, गोंधळ इंग्रजांनीच घातला आहे.)

ही किल्ली घेऊन तुमचा मेल उघडू.

‘यू मस्ट सेंड.’ मराठीत तुम्ही त्या ग्राहकाला ‘आज लेबल पाठवलंच पाहिजे तुम्ही’ असं तोंडावर म्हणाला असतात का? नसतात. ‘आज पाठवलंत तर बरं होईल’ म्हणाला असतात. ‘मस्ट’मध्ये ‘नाही’ म्हणायला तसूभर जागा नाही. ते डॉक्टरनं रोग्याला म्हणावं, कायद्यानं नागरिकाला म्हणावं. ज्याच्या पैशावर आपला पगार होतो त्याला म्हणू नये. कुणी सांगेल, ‘मस्ट’ काढून ‘शुड’ घाला, ते सौम्य आहे. नका घालू. इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण ‘पाठवावे’ला शाळेतल्या भाषांतरात ‘शुड सेंड’ असं बसवलेलं असतं. आपल्या ‘-आवे’त दोन गोष्टी राहतात, विनंती आणि कर्तव्य. ‘उत्तर पाठवावे’ ही विनंती, ‘मुलांनी खरे बोलावे’ हे कर्तव्य. ‘शुड’मध्ये फक्त दुसरी राहते. ‘यू शुड सेंड द लेबल’ याचा अर्थ ‘पाठवायला नको का तुम्ही?’ असा होतो, म्हणजे वरून उपदेश.

‘यू हॅड बेटर कन्फर्म.’ माझ्या मते सगळं बिनसलं ते या वाक्यानं. ‘हॅड बेटर’ म्हणजे ‘बरे’ असं आपण पाठ केलेलं असतं, आणि ‘बेटर’ हा शब्दही दिसायला गोड. पण त्याचा खरा अर्थ ‘मुकाट्यानं कर, नाहीतर बघ’ असा आहे. आई मुलाला म्हणते, पोलीस चोराला म्हणतो. तुम्हाला ‘कळवलंत तर बरं’ म्हणायचं होतं आणि लिहिलं गेलं ‘कळवा, त्यातच तुमचं भलं आहे’. ग्राहकानं थेट साहेबांना मेल टाकला यात मला तरी नवल वाटलं नाही.

‘काइंडली डू द नीडफुल.’ हे आपल्या आजोबांच्या फायलींतलं वाक्य. इंग्रज एकेकाळी लिहायचे, नंतर त्यांनी ते टाकून दिलं, आपण मात्र जपून ठेवलं. मला स्वतःला त्याची लाज वगैरे वाटत नाही. मुंबईहून दिल्लीला मेल जात असेल तर खुशाल लिहा, कुणाला राग येणार नाही. इंग्लंडात मात्र त्यातलं ‘नीडफुल’ म्हणजे नक्की काय करायचं ते कळत नाही, आणि ‘काइंडली’ कानाला लागतं. तिकडे हा शब्द बहुतेक वेळा सूचनाफलकावर किंवा दातओठ खाऊन बोलताना येतो. त्यात तुम्ही पुढे ‘इमिजिएटली’ जोडलंत.

उरलं शेवटचं एकटं ‘प्लीज’. बिचाऱ्यानं एकट्यानं काय काय सावरावं? आज्ञेला ‘प्लीज’ लावलं की सभ्य आज्ञा होते, पण राहते आज्ञाच. ‘प्लीज सेंड द लेबल टुडे’ रोजच्या ओळखीत चालतं, उशीर झालेल्या कामात आणि नव्या ग्राहकाशी ते तुटक वाटतं. ‘प्लीज’ला मोडलच्या सोबत बसवा: ‘कुड यू प्लीज सेंड’.

आता तुम्ही कदाचित म्हणाल, मागे एक इंग्लिश पाहुणीच मला म्हणाली होती, ‘यू मस्ट कम टू अवर हाउस’, मग तेव्हा ‘मस्ट’ चालतं कसं? चालतं, आणि कारण गमतीचं आहे. आपणही म्हणतो ना, ‘यायलाच पाहिजे हं तुम्ही!’ ‘पुरणपोळी घ्याच अजून एक!’ इथे जबरदस्ती जितकी जास्त तितकं अगत्य जास्त. कारण फायदा ऐकणाऱ्याचा आहे. ओझं त्याच्यावर पडणार असेल तर मऊ बोलायचं, लाडू त्याला मिळणार असेल तर बिनधास्त आज्ञा करायची. म्हणून ‘हॅव अ सीट’, ‘टेक केअर’ ही शुद्ध आज्ञार्थी वाक्यं असूनही गोड लागतात. उलट पाहुण्याला ‘वुड यू पॉसिबली लाइक टू कन्सिडर अनदर लाडू’ विचारलंत, तर तो समजेल की लाडू मोजकेच आहेत.

रोजच्या वापराला फार लागत नाही. ऑफिसातल्या बरोबरीच्या माणसाला ‘कॅन यू’ अगदी ठीक. अनोळखी माणूस, ग्राहक, वरिष्ठ किंवा मोठं काम असेल तर ‘कुड यू’. कधी शंका आली तरी ‘कुड यू’च. ‘वुड यू’ही तितकंच नम्र. फक्त ‘कुड’ विचारतं ‘जमेल का’, आणि ‘वुड’ विचारतं ‘कराल का’. ‘विल यू’पासून मात्र जपून, आवाज जरा चढला की ते ‘करणार आहेस की नाही?’ होतं. आमच्या शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं ‘विल यू कीप क्वाएट!’ आठवा.

स्वतः काही करायची परवानगी हवी असेल तर ‘मे आय’ किंवा ‘कुड आय’. ‘मे आय कम इन’ तर पहिलीतली पोरंही म्हणतात. आणि ‘शॅल आय’ला लोक उगाच घाबरतात. ते आपलं ‘-ऊ का’ आहे. खिडकी उघडू का? ‘शॅल आय ओपन द विंडो?’ रिपोर्ट आजच पाठवू का? ‘शॅल आय सेंड द रिपोर्ट टुडे?’ इतकं नेमकं जुळणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

‘वुड यू माइंड’पाशी थोडं थांबते, कारण मी स्वतः तिथे आपटले आहे. अनेक वर्षांपूर्वी एका परिसंवादात एका परदेशी गृहस्थांनी माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बोट करून विचारलं, ‘वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?’ मी पाहुणचाराच्या उत्साहात म्हटलं, ‘येस, येस!’ ते ‘सॉरी’ म्हणून मागे जाऊन उभे राहिले. व्याख्यान संपेपर्यंत ती खुर्ची रिकामी, आणि मी इंग्रजीची शिक्षिका! ‘माइंड’ म्हणजे हरकत असणं. ‘हरकत नाही ना?’ असं कुणी विचारलं तर आपण ‘नाही नाही, बसा ना’ म्हणतो. तसंच इथेही ‘नो, नॉट ॲट ऑल’. त्या गृहस्थांनी ‘सिट’ न म्हणता ‘सॅट’ म्हटलं होतं, हेही बघून ठेवा. पुन्हा तीच साखर.

नकार देतानाही मराठी मध्ये येते. ‘मी उद्या येणार नाही’ हे मराठीत साधं कळवणं आहे. त्याचं ‘आय विल नॉट कम टुमॉरो’ केलं की हटून बसल्यासारखं होतं, ‘जा, नाही येत!’ त्याऐवजी ‘आय वोन्ट बी एबल टू कम’ म्हणा. यायची इच्छा आहे पण जमत नाही, हे त्यात आपोआप येतं.

एक गोष्ट उलट्या दिशेनंही घडते आहे आणि तिचा मला राग येतो, म्हणून सांगून टाकते. हल्ली फोनवर मुली विचारतात, ‘मॅडम, तुम्ही मला आपला नंबर सांगू शकता का?’ अगं, शकते की! अजून वाचा शाबूत आहे माझी. ‘कॅन यू टेल मी’ मराठीत आणलं की असं होतं. ‘नंबर सांगता का जरा’ यात सगळी नम्रता होती, ती काढून तिथे माझ्या क्षमतेची चौकशी बसवली. तुमच्या मेलमध्ये झालं त्याची ही जुळी बहीण.

नम्रतेचा अतिरेकही नको. रोज बोलण्यातल्या सहकाऱ्याला स्टेपलर मागताना ‘आय वॉज वंडरिंग वेदर यू माइट पॉसिबली’ लिहिलंत, तर त्याला वाटेल टोमणा मारताय. नवऱ्याला अचानक ‘आपण’ म्हटल्यावर त्याला वाटतं तसंच.

आता तुमचा मेल. मी असा लिहिला असता: ‘कुड यू प्लीज सेंड अस द फायनल लेबल बाय इलेव्हन धिस मॉर्निंग, यूके टाइम? द बॉक्सेस हॅव टू बी पॅक्ड टुनाइट, ॲज द कंटेनर लीव्ह्ज टुमॉरो. इट वुड ऑल्सो हेल्प इफ यू कुड कन्फर्म द पॅलेट हाइट.’

यात चार गोष्टी केल्या आहेत. ‘इमिजिएटली’च्या जागी नेमकी वेळ दिली, आणि तीही त्यांच्या घड्याळानं. हिवाळ्यात तुमचे दुपारचे साडेचार म्हणजे त्यांचे सकाळचे ११. घाई का आहे ते सांगितलं. कारण कळलं की समोरच्याला हुकूम वाटत नाही. शेवटच्या वाक्यात तुमचं ‘कळवलंत तर बरं होईल’ जसंच्या तसं बसवलं, आपल्या व्याकरणातला संकेतार्थच तो. चौथी गोष्ट मधल्या वाक्यात आहे. तिथे ‘हॅव टू’ आहे, म्हणजे सक्ती आहेच, पण ती पेट्यांवर आहे, माणसावर नाही. ‘यू मस्ट सेंड’ म्हटलं की तुम्ही त्याला दटावता. ‘द लेबल मस्ट रीच अस बाय इलेव्हन’ म्हटलं की जहाजाचं वेळापत्रक दटावतं, तुम्ही आणि तो एका बाजूला. सरकारी मराठीत ‘कळविण्यात यावे’ लिहिणाऱ्यानं हाच डाव टाकलेला असतो. फक्त तो इतक्या वेळा टाकलाय, की आता त्यात माणूसच दिसेनासा झालाय.

उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी ‘आय जस्ट वॉन्टेड टू चेक इफ यू हॅड अ चान्स टू लुक ॲट धिस’ एवढं लिहा. तिसऱ्या वेळी फोन करा. फोनवर आवाजही मदतीला येतो, मेलमध्ये तुमच्याकडे फक्त शब्द असतात.

त्या ग्राहकाला आता लांबलचक माफीनामा पाठवू नका, त्यानं प्रकरण उगाच मोठं होईल. पुढच्या कंटेनरच्या मेलमध्ये पहिली ओळ लिहा, ‘थँक यू फॉर सेंडिंग द लेबल सो क्विकली लास्ट वीक.’ आणि त्याखाली जे काय हवं होतं ते.